आप्पा दुसरी भाषा शिकतात

शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात एक खोली आहे. उंच माणसाला आत शिरताना मान वाकवावी लागते. आप्पा उंच नव्हते, त्यामुळे चोवीस वर्षं त्यांनी त्या खोलीत ताठ मानेने काम केलं.

खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक टेबलफॅन आणि भिंतीवर शहराच्या नळांचा नकाशा. शहराला पाणी देणाऱ्या टाक्या सात, त्यांवरचे व्हॉल्व्ह एकशे बारा. कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडायचा आणि किती वाजता बंद करायचा, याचा कागद रोज पहाटे या खोलीतून निघायचा आणि व्हॉल्व्हमनच्या हातात पडायचा. तो कागद काढणारा प्रोग्राम आप्पांनी लिहिला होता. सी भाषेत, एकट्याने, कोणाला न विचारता.

सी ते कोणाकडे शिकले नव्हते. हाती लागलेल्या एका जुन्या पुस्तकावरून शिकले, आणि त्या पुस्तकाची शेवटची वीस-बावीस पानं फाटलेली होती. त्या पानांत काय होतं ते त्यांना कधी कळलं नाही, आणि त्यावाचून कधी अडलंही नाही. भाषा मात्र अंगात मुरली. सीमध्ये प्रत्येक वाक्य संपलं की अर्धविराम द्यावा लागतो. आप्पांच्या हाताला ती इतकी सवय झाली की एकदा त्यांनी रजेचा अर्जच तसा लिहिला: 'ताप आला आहे; दोन दिवस येऊ शकत नाही; आपला नम्र;' तेव्हापासून ऑफिसात समोर आप्पा आणि पाठीमागे अर्धविराम. आप्पांना ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं.

मग नव्या साहेब आल्या. बाई होत्या, पण सगळे त्यांना साहेबच म्हणत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आप्पांना वर बोलावलं.

"आप्पा, टाक्यांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसणार आहेत. त्यांचा सगळा कारभार पायथनमध्ये आहे. तुमचा प्रोग्रामही पायथनमध्ये आणायला हवा. तीन महिने पुरतील ना? नाहीतर बाहेरून माणूस बोलावते."

शेवटचं वाक्य आप्पांच्या जिव्हारी लागलं.

"बाहेरून कशाला? एक भाषा आली की दुसरी ती काय, साहेब. पंधरा दिवसांत देतो."

"तीन महिने घ्या," साहेब म्हणाल्या. त्या अनुभवी होत्या.

आप्पांनी त्याच दुपारी श्रीगणेशा केला. नव्या कॉम्प्युटरवर पहिली ओळ लिहिली ती अशी, की टाकी नावाचा एक पूर्णांक हवा आहे, त्याला जागा द्या. सीमध्ये असं आधी रीतसर सांगावं लागतं. पायथनने ओळ पाहिली आणि चूक दाखवली. आप्पांनी 'पूर्णांक' काढून टाकलं. चाललं. हे त्यांना पटेना. टाकीत आकडा ठेवायचा की नाव, हे न विचारताच ठेवून घेते? आणि उद्या कोणी आकड्याच्या जागी नाव ठेवलं तर? त्यांनी ठेवून पाहिलं. तेही ठेवून घेतलं.

"ही बाई काही विचारतच नाही गं," संध्याकाळी ते बायकोला म्हणाले.

"कोण बाई?"

"पायथन."

"बरं झालं," बायको म्हणाली. "तुम्हाला विचारलेलं कधी चालतं?"

पुढे समासाचं प्रकरण उभं राहिलं. सीमध्ये कामांचा गट करायचा तर महिरपी कंस उघडायचा आणि मिटायचा. मधल्या ओळी डावीकडे असोत, उजवीकडे असोत, यंत्राला सोयरसुतक नसतं. आप्पांच्या ओळी चोवीस वर्षं वाटेल तशा पसरलेल्या होत्या. पायथनमध्ये कंस नाही, तिथे ओळ किती आत सरकली यावरच सगळं ठरतं. आप्पांची एकही ओळ जागेवर नव्हती. चार दिवस पडद्यावर एकच तक्रार झळकत राहिली, आणि आप्पा शाळेत पहिल्यांदा पाटी धरल्यासारखे ओळी इकडून तिकडे सरकवत राहिले.

अर्धविरामांचं तर आणखी वेगळं. ते सवयीने पडतच होते, प्रत्येक ओळीच्या शेवटी. पण त्यावर पायथनने चूक दाखवली नाही. ओळी चालवल्या, अर्धविरामांकडे नुसतं दुर्लक्ष केलं. आप्पांना हे जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी पहिला कागद निघाला. आप्पांनी तो मोठ्या ऐटीत व्हॉल्व्हमनच्या मुकादमाला दाखवला. मुकादम म्हणजे मिशीत हसणारा आणि तोंडाने अजिबात न हसणारा माणूस. त्याने कागद नीट वाचला.

"आप्पा, इथे लिहिलंय पहिल्या पाळीने साडेतेरा व्हॉल्व्ह उघडायचे."

"साडेतेरा?"

"तेरा तर उघडू. तो अर्धा कोणता ते तेवढं सांगा."

एका टाकीचे सत्तावीस व्हॉल्व्ह, दोन पाळ्या. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की पूर्णांकच येतो, उरलेला तुकडा ती खाऊन टाकते. तेरा एका पाळीला, बाकीचे चौदा दुसऱ्या पाळीला, असं आप्पांनी त्या तुकड्यावर भरवसा ठेवून बसवलं होतं. पायथनने तुकडा खाल्ला नाही, इमानदारीने वाढून ठेवला. दुपारपर्यंत ऑफिसभर 'साडेतेरा' झालं. चहाला किती जण येणार असं विचारलं की कोणीतरी 'साडेतीन' म्हणून उत्तर द्यायचं.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला, जावईही तिथेच. आईकडून तिला सगळं कळलंच होतं.

"बाबा, माझ्या सासूबाईंना विचारा ना. त्या शाळेत पायथनच शिकवतात. आणि राहतात तुमच्यापासून वीस मिनिटांवर."

फोन स्पीकरवर होता. आप्पांच्या आधी बायकोच दचकली.

"अगं, विहीणबाईंना? त्यांच्यासमोर हे ढ ठरले तर तू कुठे तोंड लपवशील?"

"आई, मी इथे लांब आहे. मला तोंड लपवायची गरज नाही."

विहीणबाई हे प्रकरणच तसं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, पण आप्पा त्यांच्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसत. पूर्वी त्या भूमिती शिकवायच्या. पन्नाशीत शाळेने कॉम्प्युटरचा वर्ग त्यांच्या गळ्यात मारला, तेव्हा सुट्टीत पायथन शिकून घेतली आणि जूनपासून शिकवायला उभ्या राहिल्या. बोलायच्या कमी. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायच्या, आणि संपल्यावरही थोडं थांबायच्या. त्या थांबण्याचीच आप्पांना भीती वाटे.

तरी गेले. 'बाहेरून माणूस' येण्यापेक्षा विहीणबाई बऱ्या.

जेवणाच्या टेबलावर आप्पांनी आपल्या नव्या प्रोग्रामची छापील पानं ठेवली. विहीणबाईंनी चष्मा लावला, तांबडं पेन काढलं आणि वाचायला घेतलं. पंधरा मिनिटं त्या पानं उलटत राहिल्या.

"आप्पा," शेवटी त्या म्हणाल्या, "अक्षरं पायथनची आहेत. पण बोलतंय सीच."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आधी मनात सीमध्ये लिहिता आणि मग एकेक शब्द बदलता. हे बघा. सातही टाक्या बघायच्या, तर तुम्ही शून्यापासून मोजत जाता, क्रमांक वाढवता, त्या क्रमांकाची टाकी शोधता. इथे नुसतं म्हणायचं, टाक्यांमधली प्रत्येक टाकी. झालं."

"आणि मोजणार कोण?"

"ती मोजेल. तुम्ही कशाला मोजता?"

आप्पांना हे पटायला तीन रविवार लागले. पण लागले तरी पटलं. घरी गृहपाठ करायचा, रविवारी तपासून घ्यायचा. छप्पन्नाव्या वर्षी वहीवर तांबडे शेरे येऊ लागले. 'पुन्हा करा.' 'छान, पण लांब.' एकदा नुसतंच 'का?' त्या 'का?'वर आप्पांनी पूर्ण आठवडा घालवला. बायको वही उघडून शेरे वाचायची आणि आनंदाने स्वयंपाकघरात निघून जायची. एकशे चौदा ओळींचं काम एकतीस ओळींवर आलं तेव्हा मात्र आप्पांनीच ते पान तिला नेऊन दाखवलं.

आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना जुन्या प्रोग्राममधल्या अकरा ओळींपाशी गाडी अडली.

त्या अकरा ओळींना इतिहास होता. प्रोग्राम नवा असताना वारांना शून्य ते सहा असे क्रमांक दिलेले होते, रविवार शून्य. 'काल' काढायचा तर आजच्यातून एक वजा करून साताने भागून बाकी घ्यायची. रविवारी सी ही भाषा ती बाकी 'वजा एक' अशी द्यायची, आणि वजा एक नावाचा वार कुठेच नसल्यामुळे कागदावर भलतंच काहीतरी छापून यायचं. तेव्हाच्या आप्पांनी दोन दिवस डोकं खाजवून ते शोधलं, अकरा ओळींची तजवीज केली, आणि तेव्हाच्या साहेबांनी सगळ्या ऑफिसासमोर त्यांची पाठ थोपटली. आप्पांच्या नोकरीत पाठ थोपटण्याचा प्रसंग तो एकच.

विहीणबाईंनी त्या अकरा ओळींवर एक तिरकी रेघ मारली.

"या नकोत. पायथनमध्ये वजा एकची बाकी सहाच येते. शनिवार. आपोआप."

आप्पांनी रेघेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." पानं गोळा केली, चहा अर्धा ठेवला आणि निघाले.

पुढचे दोन रविवार गेले नाहीत. पहिल्यांदा सर्दीचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा ऑफिसच्या कामाचं. बायकोने विचारलं तर म्हणाले, "आता येतं मला सगळं. किती दिवस कोणाच्या दारात जायचं?" चोवीस वर्षांपूर्वीची ती पाठ तिलाही आठवत होती. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तिला दोनदा सांगितलं होतं, आणि तिसऱ्यांदा शेजाऱ्यांना.

उरलेला प्रोग्राम आप्पांनी एकट्याने पुरा केला. साहेबांनी सांगितलं, एकदम सगळं शहर नको, आठवडाभर एका टाकीवर चालवून बघा. चार नंबरची टाकी सगळ्यात लहान, म्हणून आप्पांनी तीच घेतली. विहीणबाईंचं घर त्याच टाकीवर आहे, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

चार दिवस बिनबोभाट गेले. पाचव्या दिवसानंतर चार नंबरची एक जलवाहिनी दुरुस्तीला निघणार होती, म्हणजे सहाव्या दिवशी सकाळी सहाऐवजी दुपारी अडीचला पाणी सोडायचं. सोपं काम. आजचं वेळापत्रक घ्यायचं, त्याला 'उद्या' नाव द्यायचं, आणि उद्याची वेळ बदलायची. आप्पांनी पाचव्या दिवशी पहाटे तीन ओळी लिहिल्या, आजचा आणि उद्याचा असे दोन्ही कागद काढले, आणि आजचा मुकादमाच्या हाती दिला. दोन्ही कागदांवर अडीच छापलेलं होतं. आप्पांनी उद्याचा तेवढा तपासला होता.

सकाळी चार नंबरच्या टाकीखालच्या घरांत नळ कोरडे. लोकांनी नळ फिरवले, फुसफुस ऐकली, चडफडले, आणि तसेच उघडे टाकून कामाला निघून गेले. दुपारी अडीचला मुकादमाने कागदाबरहुकूम व्हॉल्व्ह उघडला. चारशे घरांतले उघडे नळ एकदम वाहू लागले.

फोन वाजायला लागले. तिसरा फोन बायकोचा होता.

"अहो, विहीणबाईंचं स्वयंपाकघर भरलंय. त्या शाळेत होत्या. मोरीच्या भोकावर ताटली अडकली होती. आणि टेबलाखाली वर्गातल्या मुलींच्या परीक्षेचे पेपर ठेवले होते म्हणे."

आप्पांनी फोन खाली ठेवला. ते साहेबांकडे गेले, चूक माझी आहे, सांगितलं. साहेबांनी व्हॉल्व्ह बंद करवला, जुना कागद पुन्हा सुरू करायला लावला, आणि म्हणाल्या, "आधी चूक शोधा. मग बघू." आप्पा तिथून थेट विहीणबाईंच्या घरी निघाले. बस येईना म्हणून चालतच.

दार उघडं होतं. मागच्या गॅलरीत दोरीवर चाळीस मुलींपैकी निम्म्या जणींच्या उत्तरपत्रिका चिमटे लावून वाळत घातलेल्या, आणि विहीणबाई साडी खोचून उरलेल्या एकेक करून निथळवत होत्या. आप्पा उंबऱ्याशीच थांबले.

"विहीणबाई, मला माफ करा. हे माझ्यामुळे झालं."

विहीणबाई थांबल्या. मग आणखी थोड्या थांबल्या.

"बॉलपेनने लिहिलेत, पुसणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलं काय होतं ते सांगा."

आप्पांनी तिन्ही ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. दुसऱ्या ओळीलाच विहीणबाईंनी चिमटा असलेला हात वर केला.

"'उद्या बरोबर आज.' इथेच. तुम्हाला वाटलं, आजची एक प्रत निघाली आणि तिला उद्या नाव मिळालं."

"सीमध्ये मी तसंच करत आलो. प्रतच निघते."

"इथे प्रत निघत नाही. वस्तू एकच, नावं दोन." त्या क्षणभर विचारात पडल्या. "तोंडावर सगळे तुम्हाला आप्पा म्हणतात. ऑफिसात पाठीमागे काय म्हणतात?"

आप्पा चाचरले. "अर्धविराम."

हे विहीणबाईंना ठाऊक होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलंच. लेकीने सांगितलं असणार.

"मग मी अर्धविरामांवर बादलीभर पाणी ओतलं, तर आप्पा कोरडे राहतील?"

आप्पा आधी समजले, मग हसले, आणि मग खाली बसून ताटलीने पाणी उपसायला लागले. उपसता उपसता त्या अकरा ओळींची गोष्टही सांगून टाकली, पाठ थोपटण्यासकट. विहीणबाईंनी पूर्ण ऐकली.

"हे मला सांगायचं होतं ना त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "रेघ मारायचीच होती. पण जरा सावकाश मारली असती."

मग त्यांनी एक वेगळाच प्रश्न काढला. "पण मला एक सांगा. सीमध्ये प्रत निघते म्हणजे ती जाते कुठे? मी मुलींना 'एक वस्तू, दोन नावं' सांगते खरं, पण ती वस्तू आत असते कुठे, हे मी कधी पाहिलेलंच नाही."

आप्पा ताटली हातात घेऊन उभे राहिले. हा प्रश्न त्यांच्या घरचा होता. त्यांनी ओल्या फरशीवर बोटाने चौकोन काढले, प्रत्येक चौकोनाला घरनंबर दिला, कोणता आकडा कुठे राहतो आणि कोण कोणाचा पत्ता खिशात घेऊन फिरतो ते दाखवलं. विहीणबाई साडीचा ओचा सावरत शेजारी बसल्या. फरशी वाळायला लागली तसे चौकोन पुसत गेले. मग त्यांनी उठून कागद आणला.

चूक एका शब्दात सुधारली, प्रत हवी असं स्पष्ट सांगितलं की पायथन प्रत देते. आप्पांनी आणखी दोन आठवडे मागून घेतले, मुकादमाला प्रत्येक कागद दोनदा वाचायला लावला, आणि तीन महिन्यांच्या जागी साडेतीन महिन्यांनी साती टाक्या नव्या प्रोग्रामवर गेल्या. पहिल्या दिवशी मुकादमाने कागद उजेडात धरून पाहिला.

"आप्पा, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण आहेत," तो म्हणाला. मिशी हलली.

साहेबांनी पाठ थोपटली नाही. त्यांची तशी पद्धत नव्हती. पण पुढच्या महिन्यात पातळीच्या यंत्रांचं कामही त्यांनी आप्पांकडेच दिलं, आणि बाहेरच्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

रविवार मात्र चालू राहिले. विहीणबाईंनी सी शिकायला घेतली. आता वही त्यांची आणि तांबडं पेन आप्पांचं. अर्धविराम त्या हटकून विसरायच्या. एक विसरला की सी वीस चुका दाखवायची आणि विहीणबाईंच्या मनाला प्रत्येक चूक लागायची. आप्पा शेरे मारायचे, पण भीत भीत, आणि प्रत्येक शेऱ्याच्या शेवटी 'कृपया' लिहायचे. बायकोही अधूनमधून बरोबर यायची. आप्पा आता खुर्चीत टेकून बसतात, हे तिनेच लेकीला फोनवर कळवलं.

एका रविवारी विहीणबाईंचा प्रोग्राम एकही चूक न दाखवता चालला, आणि वर्गातल्या चाळीस मुलींच्या गुणांनंतर एक्केचाळिसावी मुलगी छापून आली. तिला गुण होते उणे बत्तीस हजार काहीतरी.

"ही कोण?" विहीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या.

"जागा किती मागितल्या होत्या?"

"चाळीस."

"आणि वाचल्या किती?"

विहीणबाईंनी ओळीवर बोट ठेवून मोजलं. "एक्केचाळीस. पण मग तिने मला अडवलं का नाही?"

"सी अडवत नाही. तुम्हाला माहीत असेल असं धरून चालते."

विहीणबाई नेहमीप्रमाणे थांबल्या.

"फारच भरवसा ठेवते हो माणसावर," त्या म्हणाल्या, आणि ती ओळ खोडून पुन्हा लिहायला बसल्या. शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. आप्पांना ते लांबूनच दिसलं, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी कप पुढे ओढला आणि सी काय म्हणते याची वाट बघत चहा प्यायला सुरुवात केली.